नारळ, छत्री आणि अपन्हुती

माझी बायको बारावीला मराठीत नापास झाली, ही बातमी गावाला माझ्याआधी कळली. त्या दिवशी मी शाळेच्या कामासाठी नांदुऱ्याला गेलो होतो. परतीच्या एसटीतून आमच्या फाट्यावर उतरलो, तर शेजारचे उकंडराव उभेच होते. टोपी काढून हातात घेतलेली, चेहरा मयतीला आल्यासारखा.

"मास्तर, झालं ते झालं. मनाले लावून घेऊ नका."

"कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"गेलं कोणीच नाही बाप्पा. वहिनी मराठीत राह्यल्या."

आता हे दुःख नेमकं काय आहे ते समजून घ्यायला हवं. मी मराठीचा मास्तर आहे. आजकालचा नाही, चोवीस वर्षांचा. वडनेर भोलजीपासून सहा किलोमीटर आत असलेल्या आमच्या गावात ज्याला ज्याला धड अर्ज लिहिता येतो, त्याला तो मी शिकवला आहे. लग्नपत्रिका असो की तेरवीचं निमंत्रण, माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय या गावात काही छापलं जात नाही. आणि माझ्याच घरातली बाई इंग्रजीत अडतीस, इतिहासात चव्वेचाळीस आणि मराठीत एकतीस! चव्वेचाळिसाव्या वर्षी, घर आणि नोकरी सांभाळून तिनं इंग्रजी काढलं याचं कोणाला काही नव्हतं. मास्तरच्याच घरी मराठीची बोंब, यापुढे गावाला दुसरा विषय सुचेना.

घरी आलो. छाया ओट्यावर बसली होती, मोबाइल पालथा घालून. यानंतर मी जे केलं त्याबद्दल मी आजवर पुष्कळ खुलासे दिले आहेत आणि ते सगळे फेटाळले गेले आहेत. मी हसलो. कुत्सितपणानं नाही, देवाशपथ नाही. उकंडरावांची ती टोपी आणि 'कोण गेलं' हा माझाच प्रश्न आठवून हसू आलं. पण हसलो खरा.

तिनं वर पाहिलं. "हसा," म्हणाली आणि आत गेली.

जुलैच्या पुरवणी परीक्षेला ती बसलीच नाही. मी दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा भाजीत मीठ जास्त पडलं, म्हणून तिसऱ्यांदा मी भाजीच्याच काळजीपोटी गप्प बसलो.

पण गप्प बसून भागणार नव्हतं. छाया आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. एकोणीस वर्षं झाली. खिचडी शिजवायची, झाडझूड करायची, लेकरांची नाकं पुसायची आणि रडणाऱ्याला कडेवर घेऊन घरी पोचवायचं. वरच्या जागेवर सुचिताबाई, त्या सेविका. त्या पुढच्या मेअखेर निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी पास असेल तर सेविकेची जागा तिला, नाहीतर बाहेरून कोणीतरी येणार. पर्यवेक्षिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की बारावीच्या निकालापर्यंत थांबू, पुढे एक दिवस नाही.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी छाया शेंगा फोडता फोडता म्हणाली, "मी फॉर्म भरला."

"अरे वा!"

"उद्या एखादी वीस वर्साची पोरगी येईन अन् मले म्हणीन, मावशी, फडकं मारा. एकोणीस वर्सं मी त्या लेकरायले अक्षरं गिरवाले शिकवली, सुचिताबाई तं रजिस्टरातच राहत. मले ते आयकनं होणार नाही."

"मग आजपासूनच बसू आपण. आधी मी तुला..."

"तुमची शिकवणी नको," ती म्हणाली आणि शेंगांचं सूप उचलून आत गेली.

चोवीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. विद्यार्थी मनात म्हणत असतील, पण ते मनात. मी दुखावलो. तरी हटलो नाही. दुसऱ्याच दिवशी मी तिच्या जुन्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, जी बोर्डाकडून मागवून मी कपाटात दडवली होती, ती बाहेर काढली. निबंध बरा होता. कवितेचं रसग्रहण तर माझ्या काही पोरांपेक्षा चांगलं होतं. आणि अलंकारांचा चार गुणांचा प्रश्न कोरा. नुसता आकडा घालून सोडलेला. एकतीस आणि चार पस्तीस, हे गणित मराठीच्या मास्तरालाही येतं. म्हणजे अख्खी सेविकेची जागा चार अलंकारांवर अडली होती.

आता जी बाई शिकवू देत नाही तिला शिकवायचं कसं? मी चार दिवस विचार केला. आमच्या घराची कंपाउंडची भिंत रस्त्याला लागून आहे, लांब आणि सपाट. रस्त्यापलीकडे बरोबर समोर अंगणवाडी. तिच्या ओसरीत छाया दहा ते दोन खिचडीच्या पातेल्यापुढे बसते, आणि बसल्यावर तिच्या डोळ्यांसमोर काय येतं? आमची भिंत! मी भिंतीवर अलंकार लिहून घ्यायचे ठरवले. 'विद्यार्थ्यांसाठी उपक्रम' असं वरती नाव द्यायचं. छायाला शिकवलं असा आरोप माझ्यावर कोणी करू शकणार नव्हतं.

उकंडरावांना हे कळलं आणि ते सल्ला घेऊन आले. त्यांच्याकडे सल्ला कायम तयार असतो, विचारावा लागत नाही. "मास्तर, भिंतीवर लिहाचं असन तं ग्रामपंचायतची परवानगी घ्या. नाही तं उद्या कोणी अर्ज ठोकीन." तो कोणी म्हणजे ते स्वतः, हे मला माहीत होतं, म्हणून मी ग्रामसेवक गोकुळभाऊंकडे गेलो.

गोकुळभाऊंनी एक छापील अर्ज काढला. त्यात जाहिरातीचा प्रकार विचारला होता: दुकान, दवाखाना, क्लासेस की इतर. मी 'इतर' वर खूण केली. गोकुळभाऊंचा पेन थांबला.

"सर, 'इतर' असलं की मले वर विचारावं लागते. वरून येता येता उन्हाळा लागन."

"मग?"

"तुम्ही असं करा, सगळ्यात वर एक ओळ स्वच्छतेची टाका. मंग ते अभियानात बसते. खाली काय लिहाचं ते लिहा, कोण वाचून राह्यलं!" शिवाय मजकुरानं गावात कोणाच्या भावना दुखावणार नाहीत असं हमीपत्र त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. मी ते आनंदानं लिहिलं. उपमेनं कोणाच्या भावना दुखावत नाहीत, असं माझं त्या वेळी मत होतं.

पेंटर म्हणून वडनेरचे गफ्फारभाई आले. या भागातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. अक्षर टपोरं, प्रत्येक अक्षराला मागून लाल सावली. मी त्यांना कागद दिला. दिवाळीच्या सुटीत दहा दिवस खपून मी सगळी उदाहरणं स्वतः रचली होती, कारण पुस्तकातल्या उदाहरणांतले चंद्र आणि राजहंस छायाच्या डोक्यात शिरत नाहीत असा माझा अंदाज होता. ती अशी:

उपमा: आमचे आजोबा नारळासारखे, वरून कडक आणि आतून गोड.
अनन्वय: आमच्या गावासारखे आमचेच गाव.
अपन्हुती: हे आभाळ नव्हे, ही तर देवाने उघडलेली छत्री.
अतिशयोक्ती: मिरची वडनेरात फोडणीला पडली आणि जळगाव जामोदला माणसे शिंकली.

मी शाळेत गेलो, संध्याकाळी परत आलो, आणि फाटकापाशीच उभा राहिलो. सगळ्यात वर 'घरोघरी शौचालय, गाव होईल आरोग्यालय' ही ओळ हत्तीच्या पायाएवढ्या अक्षरांत होती. यमक बरोबर होतं, त्यामुळे मला काही बोलता येईना. त्याखाली माझे अलंकार. आणि उपमेच्या शेजारी एक भलामोठा शेंडीवाला नारळ, तर अपन्हुतीच्या शेजारी तेवढीच मोठी उघडी छत्री.

"गफ्फारभाई, हे काय?"

"चित्राचे पैसे नाही घेत मी सर, शौक आहे," गफ्फारभाई ब्रश पुसत म्हणाले. "नुसतं लिहिलेलं लोक वाचत नाहीत. नारळ दिसला की पाहतेत, पाहिलं की वाचतेत. साचे तयार होते माह्याजवळ."

साचे त्यांच्याजवळ का तयार होते, हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. विचारला नाही. मिरचीचं पण चित्र काढतो म्हणाले, तेवढं मी थांबवलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी मुद्दाम घरी आलो आणि खिडकीच्या फटीतून पाहिलं. ओसरीत खिचडी शिजत होती. छाया पातेल्यापुढे बसली होती. भिंतीकडे पाठ करून.

तिसऱ्या दिवशीही पाठ. आठवडाभर पाठ. एकोणीस वर्षं ती रस्त्याकडे तोंड करून बसत होती, धूर डोळ्यांत गेला तरी. आता चूल उचलून तिनं दिशाच बदलली! भिंतीसमोरच एसटी थांबते. बसची वाट पाहणारी माणसं, बाजाराला निघालेल्या बाया, सगळे माझे अलंकार मोठमोठ्यानं वाचायचे. आमच्याकडे भिंतीवरचं मनात वाचायची पद्धत नाही. एक म्हातारे गृहस्थ तर 'अपन्हुती' हा शब्द रोज तीन प्रयत्नांत म्हणायचे आणि जमला की इकडेतिकडे पाहायचे. अख्खं गाव शिकत होतं, आणि जिच्यासाठी मांडलं होतं ती पाठमोरी. मी मनात म्हटलं, असू दे. परीक्षा दहा फेब्रुवारीला आहे. कधीतरी मान वळेलच. तोवर भिंत हलणार नाही.

डिसेंबरात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपदाला उकंडराव उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध जयमालाकाकू उभ्या राहिल्या. उकंडरावांचं घर माझ्या उजवीकडे आणि काकूंचं डावीकडे, हे माझं नशीब. तरीही मी शांत होतो, कारण मला राजकारणात रस नाही आणि शिक्षकाला तो असून चालतही नाही. उलट मलाच शेजारच्या तालुक्यात मतदान केंद्रावर ड्यूटी लागली होती.

चिन्हं वाटली त्या दिवशी संध्याकाळी उकंडराव पेढे घेऊन आले.

"मास्तर, उपकार झाले तुमचे. यादीत पन्नास चिन्हं होते, मी डोळे मिटून नारळ मागतला."

"का बुवा?"

"काऊन म्हणजे? भर रस्त्यावर, बस थांब्यासमोर, आयता नारळ तुमच्या भिंतीवर! तोही ऑइलपेंटचा. आता मले पेंटर कायले लागते?"

गफ्फारभाईंचे ते साचे निवडणूक चिन्हांचे होते हे माझ्या ध्यानात येतंय, तोच जयमालाकाकू आल्या. त्यांच्याकडे बर्फी होती आणि त्यांनी छत्री घेतली होती. कारण तेच. उकंडरावांना माझ्या ओसरीत पाहून काकूंचा चेहरा बदलला.

"मास्तर, तुम्ही आमचे, मले माहीत हाय. पण नारळ आधी अन् छत्री तिसऱ्या नंबरवर, हे काय झालं?"

"काकू, अहो तो अलंकारांचा क्रम आहे."

"क्रम कोणी लावला? तुम्हीच ना?"

"अन् मी म्हणतो," उकंडराव उठून उभे राहिले, "छत्री आभाळाएवढी काऊन? 'हे आभाळ नव्हे, छत्री.' अन् नारळाले फक्त आजोबा! मले म्हातारा ठरवून राह्यले का तुम्ही?"

मी त्या दोघांना पाऊण तास अपन्हुती समजावून सांगितली. आधी एक गोष्ट नाकारायची, मग ती दुसरीच आहे असं ठासून सांगायचं. दोघांनी शांतपणे ऐकलं. शेवटी काकू म्हणाल्या, "म्हणजे उकंडरावसारखंच." उकंडराव ताडकन निघून गेले. आमच्या गावासारखं आमचंच गाव, हे वाक्य त्या संध्याकाळी मला फार खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनीही तालुक्याला तक्रार केली. उकंडरावांनी छत्रीविरुद्ध, काकूंनी नारळाविरुद्ध. दोन्ही अर्ज माझ्याच पद्धतीनं लिहिलेले होते, विषय, संदर्भ, महोदय, सगळं जिथल्या तिथं. शिकवलेलं कुठं वाया जात नाही.

तिसऱ्या दिवशी मला नोटीस आली. अनुदानित शाळेतील शिक्षक असूनही आपण स्वतःच्या भिंतीवर दोन उमेदवारांचा प्रचार केल्याचे दिसते, आपल्यावर कारवाई का करू नये, चोवीस तासांत खुलासा करावा. हेडसरांनी नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाले, "दोघांचा प्रचार? एकाचाच करायचा होता हो, वाचवायला कोणी तरी असतं." निलंबन हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, फक्त माझ्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते विचारलं.

शेजारीपाजारी म्हणाले, मास्तर, चुना मारा अन् मोकळे व्हा. गफ्फारभाईंनी फोनवर सांगितलं की नारळाचा आंबा करून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. भिंत पुसली जाणार नाही. परीक्षेला तीस दिवस राहिले होते आणि छायाची मान अजून वळायची होती. मी सात पानी खुलासा लिहिला. त्यात अलंकारांचं महत्त्व, शब्दालंकार आणि अर्थालंकार, उपमेय आणि उपमान हे सगळं सोदाहरण दिलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं गद्य होतं.

खुलासा वाचून आचारसंहितेचं पथकच आलं. एक जीप, एक पोलीस, एक व्हिडिओवाला, आणि पथकप्रमुख म्हणून नेमलेले एक साहेब. साहेब मूळचे शेतीखात्यातले, स्वभावानं बरे, पण सकाळपासून चौथं गाव, त्यामुळे त्यांच्या हातात माझी सात पानं वाऱ्यासाठी होती. गाव गोळा झालं. उकंडराव उजवीकडे, काकू डावीकडे.

"हे काय आहे ते थोडक्यात सांगा," साहेब म्हणाले.

थोडक्यात सांगणं मला कधी जमलेलं नाही. मी सुरुवात केली, "साहेब, उपमेयाचा निषेध करून ते उपमानच आहे असे जेव्हा प्रतिपादन केले जाते..."

"थोडक्यात."

"...तेव्हा काव्यशास्त्रानुसार..."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा माझ्यावरून काढून बकरीवर लावला. चोवीस वर्षांचा अनुभव, आणि माझ्या तोंडून पुढचा शब्द फुटेना. काय लाज वाटली म्हणून सांगू! सगळ्या गावासमोर मी तोंडी परीक्षेत अडकलेल्या पोरासारखा उभा होतो. एवढ्यात रस्त्यापलीकडून आवाज आला.

"मी सांगू का साहेब?"

छाया येत होती. हातात खिचडीचा मोठा चमचा, तसाच.

"सोपं हाय. आता माही खिचडीच घ्या. 'खिचडी सोन्यासारखी पिवळी झाली' म्हटलं, तं ते उपमा. 'आमच्या खिचडीसारखी आमचीच खिचडी', म्हणजे दुसरी जोडच नाही, ते अनन्वय. 'हे खिचडी नाहीच, लेकरायसाठी अमृत हाय', आधी नाही म्हणाचं अन् मंग भलतंच हाय म्हणाचं, ते अपन्हुती. अन् 'एक घास खाल्ला तं रांगतं लेकरू पळाले लागलं', ते अतिशयोक्ती. यात कुठी नारळ हाय का छत्री? चित्रं त्या गफ्फारभाईनं हौसेनं काढले, दिवाळीच्या टायमाले. तवा निवडणूकही नव्हती अन् चिन्हंही नव्हते. यायनं मागून चिन्हं भिंत पाहून घेतले. मंग गुन्हा मास्तरचा कसा झाला?"

उकंडराव आपल्या चपलेकडे पाहत होते. साहेबांनी माझी सात पानं हळूच घडी करून खिशात ठेवली.

"बाई, शिक्षण किती तुमचं?"

"बारावी नापास," छाया म्हणाली. "मराठीत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग परत माझ्याकडे. मी आभाळाकडे पाहिलं, जिथे छत्रीबित्री काही नव्हतं.

कारवाई टळली. पण मतदान होईपर्यंत भिंत झाकावी लागेल, असं साहेब म्हणाले. मी पुढे झालो. "साहेब, फक्त दहा फेब्रुवारीपर्यंत..." छायानं मला हातानं मागे सारलं.

"झाका म्हणता तं झाकतो. मले आता भिंत नाही लागत."

जीप गेल्यावर मी तिला विचारलं, "तू तर पाठ करून बसायचीस ना?"

"पाठ भिंतीकडं होती. कान कुठी नेऊ? दोन महिने बसची वाट पाहणारा जो तो तुमचं तेच वाचून राह्यला." चार पावलं गेल्यावर ती थांबली. "मिरचीचं बरं होतं," म्हणाली.

चोवीस वर्षांत माझ्या लेखनाला मिळालेला तो सर्वांत मोठा अभिप्राय. मी इतका फुगलो की चुना मीच मारतो म्हटलं. मारला. आणि सकाळी उठून पाहतो तर चुना वाळून पोपडे गळालेले, आणि खालून नारळ जसाच्या तसा वर आलेला, शेंडीसकट. ऑइलपेंटवर चुना टिकत नाही, हे मला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. उकंडराव हात जोडून भिंतीसमोर उभे होते. "स्वयंभू हाय मास्तर! आता हात लावू नका." पलीकडून काकू ओरडत होत्या की मग छत्री काऊन नाही निघाली, मास्तरनं तिथं चुना जाड मारला.

शेवटी छायानं पदर खोचला. शेण आणि पांढरी माती कालवली आणि अंगण सारवतात तशी अख्खी भिंत सारवून काढली. शौचालयाच्या ओळीपासून खाली मिरचीपर्यंत. हात फिरवताना ती एकेका अलंकाराचं नाव घेत होती आणि मग तो पुसत होती. मी घमेलं धरून मागे उभा होतो. मला शिकवू न देणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीचा मला तेव्हा एवढा अभिमान वाटला की घमेलं पायावर पडलं.

निवडणुकीत जयमालाकाकू नऊ मतांनी आल्या. उकंडराव आजही म्हणतात, की ते अपन्हुतीमुळे पडले.

फेब्रुवारीत छाया परीक्षेला गेली. पेपर कसा गेला हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मार्च गेला, एप्रिल गेला. सुचिताबाईंच्या निरोप समारंभासाठी साडी आणायची चर्चा सुरू झाली. छाया त्या चर्चेत बसायची आणि रंग सुचवायची, पण जेवण निम्म्यावर आलं होतं. मेमध्ये निकालाच्या दिवशी मी सकाळपासून कुठंही गेलो नाही. दुपारी एक वाजता मोबाइल घेऊन ओट्यावर बसलो. ती उंबऱ्यात उभी राहिली, हात पुसलेले असूनही पदराला पुसत.

साइट उघडेना. उघडली तर नंबर घेईना. घेतला तर गोल गोल फिरायला लागली. मी एक ठरवून बसलो होतो, काहीही लागो, हसायचं नाही. दात दाबून ठेवले होते. मग निकाल आला.

"काय?" ती म्हणाली.

"चोपन्न."

"मराठीत?"

"मराठीत."

तिनं मोबाइल घेतला, जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. मग ती खालीच बसली, उंबऱ्यावर. मी चेहरा कडक ठेवून समोर उभा. तिनं वर पाहिलं. वर्षभरापूर्वी पाहिलं होतं तसंच.

"आता हसा ना," ती म्हणाली.

मी हसायला गेलो आणि मला रडूच कोसळलं. हुंदके देऊन. मराठीच्या मास्तराला शोभणार नाही असं, भर दुपारी, ओट्यावर उभं राहून. नेमके त्याच वेळी उकंडराव फाटकातून आत येत होते. माझ्याकडे पाहून ते जागीच थबकले, टोपी काढून हातात घेतली आणि घाबरून म्हणाले, "वहिनी, कोण गेलं?"

"गेलं कोणीच नाही भाऊजी," छाया डोळे पुसत म्हणाली. "मास्तर पास झाले."